प्रवेशाचा दिवस : दाखला, खिडकी आणि दीक्षारंभ

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नाव नोंदवणे ही ज्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आलेली रीत आहे, त्यांना या विषयावर लेख वाचण्याचे कारण पडत नाही. कोणता दाखला कुठून काढायचा, आधी कोणत्या टेबलाशी उभे राहायचे, कोणता विषय घेतला म्हणजे पुढे कोणती वाट मोकळी राहते, हे त्यांच्या घरी मामा सांगतो, शेजारचा दादा सांगतो, आणि मुलाला आपण काही शिकतो आहोत याचा पत्ताही लागत नाही. आपल्या वस्तीतून जो पहिलाच मुलगा किंवा जी पहिलीच मुलगी त्या दारात जाऊन उभी राहते, तिला हे कोणी सांगितलेले नसते. बापाने कॉलेजची इमारत पाहिलेली असते ती तिथे गवंड्याच्या हाताखाली काम करताना. म्हणून हा मजकूर त्या मुलामुलींसाठी आहे. आणि त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी व वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठीही, कारण बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या दोन महिन्यांत मुले यांचेच दार ठोठावतात.

या दिवसाला केवळ कारकुनी व्यवहार समजू नये. आपल्या समाजरचनेत विद्येची सुरुवात नोंदीने होत नव्हती, संस्काराने होत होती. उपनयन झाले तो विद्येचा अधिकारी. ज्याला तो संस्कारच नाही त्याला अक्षरही नाही. शाळेचे रजिस्टर ही त्या मानाने फार अलीकडची वस्तू, आणि त्या रजिस्टरात नाव पडणे हा अस्पृश्यांच्या दृष्टीने पहिला नागरी हक्क. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५६च्या जून महिन्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने त्यावर ठराव केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने त्यात मान्य केले आणि तरीही प्रवेश दिला नाही, कारण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील ही भीती. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे निवेदन ठेवले तेव्हा हे प्रकरण त्यांनी मुद्दाम उकरून काढले होते. त्या मुलाचे नाव आज आपल्याला माहीत नाही. प्रवेशाचा अर्ज भरताना प्रत्येकाने त्याची आठवण ठेवावी असे मला वाटते. रांगेत तीन तास उभे राहण्याचा कंटाळा त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

स्वतः बाबासाहेब १९०८ साली एलफिन्स्टन कॉलेजात गेले. रजिस्टरात नाव पडले, वर्गात बाकही मिळाले. पण कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा-पाणी देत नसे, असे धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे. नोंद होणे आणि स्वीकार होणे या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या. प्रवेशाच्या दिवशी पहिली होते. दुसरी होते की नाही, ते त्यानंतरच्या आठवड्यात कळू लागते.

आता फाइलीकडे वळू.

फाइलीत काय असावे? दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, रेशनकार्डाची प्रत, बँकेचे पासबुक, फोटो. मध्ये एखादे वर्ष वाया गेले असेल तर तसे शपथपत्र. दुसऱ्या मंडळातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचा अर्ज. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र अनुसूचित जातींना लागत नाही. खिडकीवरचा माणूस कधी घाईत, कधी अज्ञानाने ते मागतो, तेव्हा शांतपणे सांगावे. झेरॉक्सवर आपली आपण सही केली की चालते, राजपत्रित अधिकाऱ्याच्या मागे धावण्याचे दिवस संपले.

मूळ कागदांबाबत मात्र सावध असावे. मूळ प्रमाणपत्रे समोर तपासून लगेच परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली सर्व संस्थांना कळवले. व्यवहारात सोडल्याचा दाखला मूळच घेतला जातो. तो देण्याआधी त्याच्या चार प्रती काढून घ्याव्यात आणि दिल्याची पोच मागावी. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला मूळ स्वरूपात कोणाच्या कपाटात ठेवू देऊ नये. पुढे प्रवेश बदलायचा झाला तर हेच कागद ओलीस पडतात, आणि ‘आधी पूर्ण फी भरा’ हे उत्तर ऐकावे लागते.

सर्वांत अवघड कागद जातीचा. इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आमची अर्धी मुले इथेच अडखळतात.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाखला प्रांताधिकाऱ्याकडून मिळतो. त्याची सत्यता तपासते ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती. २००१ सालच्या महाराष्ट्र अधिनियम २३ प्रमाणे हे सारे चालते, आणि त्या कायद्यानुसार आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. साध्या कला, वाणिज्य, विज्ञान पदवीला सामान्यतः दाखला चालतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यक, विधी, बी.एड. अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर बसायचे तर वैधता लागते, आणि ती मुदतीत आली नाही तर जागा हातची जाते किंवा खुल्या वर्गाची फी भरण्याची पाळी येते. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच, कॉलेजच्या पत्रासह करायचा असतो. निकालानंतर धावाधाव करणारा मुलगा समितीच्या कार्यालयाबाहेर अशाच शेकडो मुलांच्या मागे उभा राहतो.

समिती मागते काय? अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला म्हणून ही तारीख. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा हा त्यात उत्तम पुरावा मानतात. गंमत पाहा. ज्यांना शाळेच्या ओसरीवर चढू दिले नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबाच्या शाळेचा दाखला मागायचा! आजोबा शाळेत गेले नाहीत हाच खरे तर जातीचा सर्वांत भक्कम पुरावा. पण तो कुठल्याही रकान्यात बसत नाही. भटक्या-विमुक्तांना तारीख २१ नोव्हेंबर १९६१ ही लावलेली आहे. ज्याला गावाने शिवेवर तीन दिवसांपेक्षा जास्त टेकू दिले नाही, त्याने त्या तारखेला आपण कोणत्या गावात राहत होतो ते सांगायचे.

तरीही कागद सापडतात. शोधणारा हवा. तहसील कार्यालयातले जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात आजोबांच्या किंवा त्यांच्या भावा-बहिणींच्या जन्माची नोंद जातीसह मिळते. गावातल्या मयताच्या खबरा रानोमाळ पोचवण्याचे काम ज्यांच्या माथी होते, त्यांच्या नातवाला आज त्याच नोंदींतून आपले नाव हुडकावे लागते. महार वतनाचे कागद असतात; वतने १९५८च्या कायद्याने गेली, पण त्यांची नोंद गेली नाही. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी दप्तरे मोडीत आहेत, मराठवाड्यातली निजामाच्या अमदानीतली उर्दूत. त्यांचे जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे लागते. पाच-सात पिढ्यांपूर्वीच्या माणसाला आडनाव नसते, बापाच्या नावापुढे थेट जातच लिहिलेली असते. आज तो कागद पाहून मुलांना लाज वाटते असे मी पाहिले आहे. लाज वाटायची ती लिहिणाऱ्याला.

वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणाला आधी वैधता मिळालेली असेल, म्हणजे स्वतः वडील, चुलता, आत्या, सख्खे वा चुलत भावंड, तर काम खूप हलके होते. त्याची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडायचे. आईकडच्या नात्यातली वैधता इथे चालत नाही. विवाहित मुलीचा दाखलाही माहेरच्या नावाने, वडिलांच्या जातीवरून निघतो. मुंबईत घाटकोपरला किंवा धारावीत जन्मलेल्या मुलांना दाखल्यासाठी बीडला नाहीतर साताऱ्याला जावे लागते, कारण विचारले जाते ते १९५० साली कुटुंब कुठे राहत होते हे. त्यासाठी रजा, प्रवासखर्च आणि गावात एखादा ओळखीचा माणूस लागतो. हे सारे जूनमध्ये जमत नाही.

बौद्धांचा प्रश्न याहून नाजूक. १९५६च्या धर्मांतरानंतर आपल्या लोकांनी शाळेत मुलांची नावे घालताना जातीच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. धर्म बदलला की जात गेली, ही त्यामागची श्रद्धा. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती करीपर्यंत बौद्धांना अनुसूचित जातीत धरले नाही. आज धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे, आणि त्यात धर्मांतरापूर्वीची जात लिहावी लागते. ज्या शब्दाचा त्याग करण्यासाठी आजोबा नागपूरला गेले, तो शब्द नातवाला सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावा लागतो. यातला सल मी समजू शकतो. काही स्वाभिमानी तरुण त्यावरून दाखलाच नाकारतात. त्यांना माझे सांगणे एवढेच की दाखल्यावरचा तो शब्द ही तुमची ओळख नव्हे, राज्यसंस्थेने मान्य केलेल्या देण्याचा तो पुरावा आहे. सावकाराकडे कर्ज आपले येणे असेल तर खतावर त्याने आपले नाव कसे लिहिले आहे यावर आपण अडून बसत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद घालावा, हेटाळणी करू नये.

नावांच्या फरकाबद्दल दोन शब्द. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, बापाच्या दाखल्यावर तिसरे, असे आमच्याकडे फार होते. नाव घातले ते शिक्षकाने, त्याला ऐकू आले तसे. दगडू, धोंडू, कचरू ही नावे पुढे मुलांनी बदलली, गावावरून आडनावे घेतली. बदल राजपत्रात छापून घेतलेला असेल तर ती प्रत फाइलीत कायम ठेवावी. किरकोळ फरकाला शपथपत्र चालते.

फाइल घेऊन आपण खिडकीपाशी आलो. इथला प्रश्न पैशाचा.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झाली. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी तेव्हा सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. म्हणजे ही योजना स्वातंत्र्याहून जुनी आहे आणि ती लढून मिळवलेली आहे. खिडकीतून ती कोणी भीक घातल्यासारखी देऊ लागला तर हे मनात असावे.

तिचा आजचा व्यवहार असा. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची फेररचना केली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. पैसे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि त्यातली फी विद्यार्थ्याने महाविद्यालयाला द्यायची. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राज्य सरकारकडून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे. तिलाच फ्रीशिप म्हणतात. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप यांत आमचे पालक नेहमी गोंधळतात. उत्पन्न थोडे वर गेले म्हणजे सगळेच गेले असे समजून मुलीला घरी बसवणारा बाप मी पाहिला आहे.

शिष्यवृत्तीत काय येते? प्रवेश, शिक्षण, परीक्षा, ग्रंथालय, क्रीडा, नियतकालिक अशी सक्तीची, परत न मिळणारी शुल्के येतात. अनामत रक्कम येत नाही, कारण ती परत मिळणारी असते. त्याशिवाय निर्वाह भत्ता. २०२१च्या सूचनांप्रमाणे तो वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी शिकणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्याला अनुक्रमे ६,००० आणि ३,०००. तीन हजार म्हणजे महिन्याचे अडीचशे. एवढ्यावर निर्वाह कोणाचा होतो ते योजना आखणाऱ्यांनाच ठाऊक. हे पैसे दोन सरकारांकडून दोन वेळा येतात आणि बहुधा उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर पहिल्या सत्राचा खर्च धरू नये.

खिडकीवर हमखास घडते ते असे. कारकून म्हणतो, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की तुमची तुम्हाला मिळेल. केंद्राच्या सूचनांत यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद केली आहे. पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क आणि वसतिगृहाचे शुल्क आगाऊ न भरता प्रवेश मिळावा आणि पैसे खात्यात आल्यावर त्याने ते संस्थेला द्यावेत, असा तिचा हेतू. कारकुनाशी भांडू नये. तो बहुधा आपल्यासारखाच कोणीतरी असतो, आणि त्याला वरून सांगितलेले असते. प्राचार्यांच्या नावाने पाच ओळींचा अर्ज लिहावा : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी असून शिष्यवृत्तीस पात्र आहे, आगाऊ शुल्क भरण्यास असमर्थ आहे, नियमाप्रमाणे प्रवेश द्यावा ही विनंती. दोन प्रती करून आवक विभागात एक द्यावी, दुसरीवर तारीख आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. तोंडी नकार देणारे कार्यालय लेखी नकार द्यायला कचरते. तरी नाही ऐकले तर त्याच शिक्क्याची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे जावे.

‘स्कॉलरशिपवाले या बाजूला’ अशी हाक त्या दिवशी कानी पडेल. रांग वेगळी करण्यात सोय असते हे खरे, पण आमच्या लोकांना वेगळ्या रांगेचा, वेगळ्या पाणवठ्याचा इतिहास आहे, हे हाक मारणाऱ्याच्या गावीही नसते. पुढे वर्षभर ‘स्कॉलरशिपवाला’ हा शब्द वर्गात जातीचा पर्याय म्हणून फिरतो. त्या रांगेत मान वर करून उभे राहावे. आणि गुणवत्तेने खुल्या यादीत बसत असाल तर खुल्या जागेवरच प्रवेश घ्यावा. त्याने शिष्यवृत्तीचा हक्क जात नाही, आणि राखीव १३ टक्क्यांतली एक जागा मागच्या मुलाला मोकळी राहते.

विषय निवडण्याचे टेबल यानंतर येते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवी रचना आली : मुख्य विषय, उपविषय, कौशल्याचे विषय, श्रेयांकांची बेरीज, त्यासाठी अॅकॅडेमिक बँकेचे खाते. शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला एकच निर्णय त्या दिवशी महत्त्वाचा, मुख्य विषय कोणता. उरलेल्या जागा भरण्यासाठी एखादा विभाग मुलांना आपल्याकडे ओढतो, तर एखादा गावाकडचा मुलगा दिसला की ‘तुला हे झेपणार नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवतो. आपल्याला सांख्यिकी शिकायची असेल तर सांख्यिकीच मागावी. झेपते की नाही ते परीक्षेत ठरेल, टेबलावर नव्हे. एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी सोय नव्या रचनेत आहे. गरिबाच्या मुलाला ती सोय म्हणून सांगितली जाईल. त्याने तिला सापळा समजावे. गरज पडली म्हणून मधेच कॉलेज सोडणाऱ्यांत कोण असते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

मग येतो स्वागताचा आठवडा. अनुदान आयोगाने २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांच्या ओळख-कार्यक्रमाची रूपरेषा काढली आणि तिला नाव दिले ‘दीक्षारंभ’. हेतू चांगला आहे : नव्या मुलाला संस्था कळावी, भीड चेपावी, शिक्षकांशी ओळख व्हावी. शब्द मात्र विचार करायला लावतो. दीक्षा म्हटले की काहींच्या डोळ्यांपुढे गुरुकुल उभे राहते, समिधा घेऊन गुरूपुढे बसलेला बटू. त्या गुरुकुलाच्या दाराबाहेर कोण होते हे एकलव्याच्या अंगठ्याने सांगून ठेवले आहे. आपल्या लोकांना हाच शब्द १४ ऑक्टोबर १९५६मुळे माहीत आहे, तिथे तो माणूस म्हणून उभे राहण्याचा आरंभ होता. एकाच सभागृहात, एकाच शब्दाखाली दोन इतिहास बसलेले असतात. शारदेच्या तसबिरीला हार घातला जाईल, दीपप्रज्वलन होईल. अलीकडे बऱ्याच ठिकाणी शेजारी फुले-आंबेडकरांच्या तसबिरीही असतात. हे आपोआप झाले नाही, मागच्या विद्यार्थ्यांनी निवेदने देऊन करवून घेतले.

कार्यक्रमात भाषणे बरीच होतात, अनेकदा इंग्रजीत. त्यातले निम्मे कळले नाही म्हणून आपण इथल्या लायकीचे नाही असे मनात आणू नये. भाषण न कळणे हा बहुतेक वेळा भाषणाचा दोष असतो. ऐकायच्या गोष्टी थोड्या आहेत. रॅगिंगविरोधी शपथपत्र स्वतःचे आणि पालकाचे, दोन्ही २००९च्या विनियमांप्रमाणे द्यावे लागते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे. तक्रार समित्या कोणत्या, त्यांत कोण आहे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक, अनुसूचित जाती-जमाती कक्ष कोणत्या खोलीत, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे. मुलींनी लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीची नावे टिपून घ्यावीत. सांगितले नाही तर हात वर करून विचारावे. शंभर मुलांत ज्याने पहिल्या दिवशी हा प्रश्न विचारला, त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

आणि ओळख करून देण्याचा कार्यक्रम. उभे राहा, नाव सांगा, पूर्ण नाव सांगा. ‘आडनाव?’ हा प्रश्न महाराष्ट्रात निरागस नसतो. त्यानंतर येतो गुणांचा प्रश्न, प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकाचा प्रश्न. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या तक्रारींवर डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००७ साली आला; वर्गात, परीक्षेत, वसतिगृहात दलित-आदिवासी विद्यार्थी कसे वेगळे पाडले जातात ते त्यात नोंदले आहे. अनुदान आयोगाने २०१२ साली समतेबाबत जे विनियम काढले, त्यांत वर्गात विद्यार्थ्याच्या जातीचा उच्चार करणे, त्याला राखीव गटातला म्हणून संबोधणे हा भेदभावाचा प्रकार म्हणून स्पष्ट लिहिला. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०२३ साली सहविद्यार्थ्याला प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारू नये अशी सूचना काढली, कारण तो प्रश्न जात शोधण्याचा आडमार्ग असतो. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, आणि त्या दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या सूचना त्यानंतर अधिक गांभीर्याने घेतल्या जाऊ लागल्या. तेव्हा कोणी क्रमांक विचारला तर न सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. सांगायचा असेल तर जरूर सांगावा, पण विचारणाऱ्याच्या भुवईकडे पाहू नये.

बाबासाहेबांनी महाविद्यालये काढली तेव्हा कोण विद्यार्थी येणार आहे याचा विचार आधी केला होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ची, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६चे. दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५०ला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या मुलाला नागसेनवनात आपण चुकून आलो असे वाटत नसे. त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, आणि नाव प्रत्यक्षात लागले १९९४ साली. मधल्या सोळा वर्षांत काय काय जळाले ते मराठवाड्यातल्या वस्त्यांना विचारावे. आज त्या प्रवेशद्वारासमोर फोटो काढणाऱ्या नव्या मुलांना हे माहीत असेलच असे नाही, आणि कोणत्याही दीक्षारंभात ते सांगितले जात नाही. हे काम विद्यार्थी संघटनांनी अंगावर घेतले पाहिजे.

राहण्याचे काय, हा बापाचा त्या दिवशीचा शेवटचा प्रश्न असतो. समाज कल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहात राहणे-जेवणे मोफत आहे, पण जागा थोड्या आणि यादी उशिरा. तिथे प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७पासून आहे : मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या गावी ५१,०००, अन्यत्र ४३,००० अशी तिची रचना ठरली. वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असणे इथे उपयोगी पडते. अडचण एवढीच की कॉलेज सुरू होते तेव्हा यापैकी काहीच हातात नसते. पहिले दोन-तीन महिने खोली भाड्याने घ्यावी लागते, आणि घरमालक आडनाव विचारतो, ‘नॉनव्हेज खाता का’ विचारतो. पूर्वी कोल्हापुरात शाहू महाराजांनी, सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहे काढली ती याच प्रश्नासाठी. आज प्रत्येक शहरात आपले नोकरदार आहेत, चार चार खोल्यांची घरे आहेत. जुलै-ऑगस्टचे दोन महिने गावाकडच्या एका मुलाला घरात ठेवून घेणे त्यांना अवघड नाही. यावर सभा घेण्यापेक्षा नावांची यादी करावी.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक कामाची गोष्ट. हे सारे जूनमध्ये सुरू केले तर उशीर होतो. जानेवारीत एका रविवारी वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात अकरावी-बारावीच्या सर्व मुलामुलींना फाइली घेऊन बोलवावे. वडिलांकडची वंशावळ एका कागदावर लिहून काढावी, त्यात कोणाला वैधता मिळाली आहे ते शोधावे, मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या दोघांना समोर बसवावे. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासावे. मुलांची अनेक खाती व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेली निघतात. कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसीलमध्ये अर्ज करायला एक दिवस, नक्कल मिळायला काही आठवडे लागतात. फेब्रुवारीत परीक्षा सुरू होण्याआधी तो अर्ज गेलेला असावा.